कायमचा बंध आणि त्याची कसोटी : अपरिवर्तनीय विकर-निरोधकांच्या रचनाविचाराचे परीक्षण

१

शास्त्रीय परिभाषेतील एखादा शब्द जेव्हा रोजच्या व्यवहारातून उचललेला असतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा व्यावहारिक अर्थही नकळत विचारात शिरतो. 'अपरिवर्तनीय' हा असाच एक शब्द होय. विकराशी, म्हणजे एन्झाइमशी, सहसंयुज बंधाने जोडला जाणारा आणि पुन्हा न सुटणारा लहान रेणू म्हणजे अपरिवर्तनीय निरोधक, ही व्याख्या निर्दोष आहे. परंतु तिच्यात जे न सुटणे सांगितले आहे ते विकराच्या एका रेणूपुरते आणि एका बंधापुरते आहे. औषधाचा परिणाम किती काळ टिकेल, तो कोणत्या पेशींत घडेल आणि तसाच बंध अन्यत्र कोठे जुळणार नाही ना, यांपैकी कशाचीही ग्वाही त्या व्याख्येत नाही. असे असूनही नव्या रेणूंची घोषणा करणाऱ्या निबंधांत बंधाचे कायमपण हाच रेणूचा मुख्य गुण मानण्याची प्रवृत्ती वाढलेली दिसते. या प्रवृत्तीचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रवृत्तीमागे तिच्या नेमक्या उलट अशा एका प्रवृत्तीचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव शतकात औषधरचनेच्या क्षेत्रात सहसंयुज बंध जुळविणारे रेणू बहुधा जाणूनबुजून टाळले जात. ही भीती निराधार नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील ब्रॉडी, गिलेट, मिचेल व त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली असे दाखविले की, पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने होणारी यकृताची हानी ही त्या औषधापासून शरीरातच तयार होणाऱ्या एका विक्रियाशील पदार्थाशी निगडित आहे. पेशीतील ग्लुटाथायोनचा साठा संपत आला की हा पदार्थ यकृतातील प्रथिनांशी सहसंयुज बंधाने जोडला जातो. तेव्हापासून प्रथिनांशी असा बंध जुळणे हे विषारीपणाचे लक्षण समजले जाऊ लागले.

मौज अशी की, याच काळात जगभर अत्यंत मोठ्या प्रमाणावर घेतली जाणारी कित्येक औषधे नेमका असाच बंध जुळवीत होती. पेनिसिलिन जीवाणूच्या भित्तिकेची जोडणी करणाऱ्या विकराच्या सेरीनशी बंध जुळविते; त्याची रचना त्या विकराच्या स्वाभाविक सब्स्ट्रेटसारखी आहे, असा विचार टिपर आणि स्ट्रोमिंजर यांनी १९६५ साली मांडला. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होते. ते प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते हे व्हेन यांनी १९७१ साली दाखविले, आणि ते संबंधित विकराला आपला ॲसिटिल गट देऊन टाकते ही गोष्ट १९७५ साली रॉथ व मेजेरस यांच्या संशोधनातून पुढे आली. १९८८ मध्ये विक्रीस आलेले ओमेप्रझोल जठराच्या आम्लातच विक्रियाशील बनून आम्ल-पंपाच्या सिस्टीनला बिलगते. यांपैकी एकही रेणू बंधाच्या हेतूने रचलेला नव्हता. म्हणून भीतीच्या काळातही त्यांच्याविषयी कोणी तक्रार केली नाही, आणि आजच्या उत्साहाच्या काळात मात्र त्यांचीच उदाहरणे पुढे केली जातात. भीती आणि उत्साह या दोहोंचा दोष एकच आहे. दोघेही बंधाकडे पाहतात आणि बंधाच्या आधी व नंतर काय घडते तिकडे दुर्लक्ष करतात.

२

बंधाच्या आधी ओळख असते. रेणूने विकराच्या क्रियास्थानी येऊन बसणे आणि बसल्यावर बंध जुळविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकरावरील आपल्या १९६२ च्या अभ्यासात किट्झ आणि विल्सन यांनी त्यांची दोन टप्प्यांत मांडणी केली. पहिला टप्पा परिवर्तनीय असून त्याची दृढता 'के-आय' या स्थिरांकाने व्यक्त होते; हा स्थिरांक जितका लहान तितकी ओळख पक्की. दुसरा टप्पा बंधाचा असून त्याचा कमाल वेग 'के-इनॅक्ट' या स्थिरांकाने व्यक्त होतो. अशा निरोधकाचे सामर्थ्य सांगावयाचे तर हे दोन स्थिरांक, निदान त्यांचे गुणोत्तर, सांगावयास हवे. हे सूत्र साठ वर्षांहून जुने आहे. त्याचे महत्त्व मात्र अद्याप सर्वत्र मानले गेलेले नाही.

पुढील वर्षी, १९६३ साली, शोएलमन आणि शॉ यांनी या विचाराला प्रयोगाचा आधार दिला. फेनिलॲलनीनपासून बनविलेले एक क्लोरोमिथिल कीटोन कायमोट्रिप्सिनच्या क्रियास्थानातील हिस्टिडीनशी बंध जुळवून त्या विकराला निकामी करते, पण तसेच हिस्टिडीन असलेल्या ट्रिप्सिनला स्पर्श करीत नाही. तोच विक्रियाशील गट लायसीनच्या सांगाड्यावर बसविला की क्रम उलटा होतो. ट्रिप्सिन निकामी होते आणि कायमोट्रिप्सिन सुटते. बंध जुळविणारा गट दोन्ही रेणूंत एकच होता. निवड केली ती सांगाड्याने. तथापि याच रेणूंनी पपेनासारखी, क्रियास्थानी सिस्टीन असलेली विकरेही निकामी होतात असे पुढे आढळले. विक्रियाशील गट फार तीव्र असला म्हणजे सांगाड्याने केलेली निवड अपुरी पडते, हा धडा त्याच प्रयोगाच्या पोटात होता.

या सर्व विचाराला पद्धतशीर रूप दिले ते बी. आर. बेकर यांनी, अपरिवर्तनीय विकर-निरोधकांच्या रचनेवरील आपल्या १९६७ च्या ग्रंथात. बेकर यांचा सर्वांत फलदायी विचार असा की, बंध क्रियास्थानाच्या गाभ्यातच जुळला पाहिजे असे नाही. एकाच कुळातील विकरांचे गाभे परस्परांसारखे असतात, कारण त्यांचे काम सारखे असते. त्यांच्यातील भेद असतात ते गाभ्याच्या काठावर. म्हणून रेणूचा एक भाग गाभ्यात बसवावा आणि दुसरा भाग काठापर्यंत नेऊन तेथील एखाद्या विशिष्ट ॲमिनो अम्लाशी जोडावा, म्हणजे एकाच रेणूला दोन वेगळ्या पायऱ्यांवर निवड करता येईल. बेकर यांच्या काळी प्रथिनांच्या त्रिमितीय रचना क्वचितच ज्ञात होत्या. काठावर काय आहे हे त्यांना एकामागून एक रेणू तयार करून चाचपावे लागत होते. आज त्या रचना संगणकाच्या पडद्यावर उपलब्ध आहेत. बेकर यांची कल्पना सिद्धीस गेली आहे असे म्हणावयास हरकत नाही. परंतु तिच्यातील क्रम, म्हणजे आधी ओळख आणि मग बंध, हा अनेकदा उलटा झाला आहे. आधी एखादे सिस्टीन शोधावयाचे, मग त्याच्यापर्यंत पोहोचेल असा इलेक्ट्रॉनस्नेही गट निवडावयाचा, आणि ओळखीचा विचार उरल्यासुरल्या जागेत उरकावयाचा, असा हा नवा क्रम आहे. त्या गटाला 'वॉरहेड' हे युद्धातले नाव मिळावे, हेही या दृष्टीला साजेसेच आहे.

३

या क्रमभंगाला मोजमापाच्या एका रूढ सवयीने बळ दिले आहे. परिवर्तनीय निरोधकाचे सामर्थ्य 'आयसी-५०' या अंकाने सांगण्याची प्रथा आहे. विकराची क्रियाशीलता अर्ध्यावर आणणारी संहती म्हणजे हा अंक. समतोल लवकर साधणाऱ्या रेणूच्या बाबतीत ही प्रथा चालून जाते. अपरिवर्तनीय निरोधकाच्या बाबतीत मात्र समतोल असा नसतोच. वेळ जाईल तसे अधिकाधिक विकर निकामी होत राहते, आणि म्हणून हा अंक रेणूइतकाच घड्याळावरही अवलंबून राहतो.

एक साधे गणित पाहता हे स्पष्ट होईल. 'क' आणि 'ख' असे दोन काल्पनिक रेणू घ्यावेत. 'क'चा के-आय ०.१ मायक्रोमोलर आणि के-इनॅक्ट दर सेकंदास ०.००१, 'ख'चा के-आय १० मायक्रोमोलर आणि के-इनॅक्ट दर सेकंदास ०.१. दोहोंचे गुणोत्तर एकच, १०,००० प्रति मोलर प्रति सेकंद, येते. 'क' विकराला शंभरपट चांगले ओळखतो. 'ख' शंभरपट वेगाने बंध जुळवितो. आता विकर अत्यल्प प्रमाणात घेऊन ते निरोधकासह ठराविक वेळ ठेवले आणि नंतर द्रावण पुष्कळ पातळ करून उरलेली क्रियाशीलता मोजली, तर ३० मिनिटांच्या प्रयोगात अर्धे विकर निकामी करण्यास 'क' सुमारे ६३ नॅनोमोलर लागेल आणि 'ख' सुमारे ३९. म्हणजे 'ख' सरस ठरेल. तोच प्रयोग दोन तास चालविला तर ते आकडे सुमारे ११ आणि १० असे येतील, आणि दोन्ही रेणू पूर्वीपेक्षा कितीतरी प्रभावी झाल्याचा भास होईल. रेणूंत काहीही बदललेले नसते. बदललेली असते ती वेळ.

यातील खरा धोका आकडे बदलण्याचा नाही. तो क्रमवारीचा आहे. कमी वेळेच्या चाचणीत आयसी-५० पाहून रेणू निवडीत गेल्यास निवड 'ख'सारख्या रेणूंकडे झुकते आणि प्रत्येक फेरीगणिक ओळखीपेक्षा विक्रियाशीलतेला बक्षीस मिळत जाते. शोधनिबंधाच्या तक्त्यात ही चूक दिसत नाही. ती पुढे प्राण्यांच्या यकृतात किंवा रुग्णाच्या त्वचेवर दिसण्याचा संभव असतो.

येथे एक आक्षेप न्याय्य आहे. के-इनॅक्ट मोठा असणे म्हणजे रेणू मुळातच तापट असणे, असे नेहमी म्हणता येणार नाही. विकराने रेणूला नेमक्या कोनात धरले तर सौम्य गटही त्वरेने बंध जुळवितो. के-रास या प्रथिनावरील रेणू हे त्याचे बोलके उदाहरण होय. हे प्रथिन जीटीपीचे विघटन करणारे, म्हणजे व्यापक अर्थाने विकरच आहे. काही कर्करोगांत त्याच्या बाराव्या स्थानी ग्लायसीनच्या जागी सिस्टीन आलेले असते. या सिस्टीनशी बंध जुळविणाऱ्या रेणूंची परिवर्तनीय ओळख फारच दुर्बल असते. त्यांचे यश प्रथिनाने स्वतःच बंधाची विक्रिया त्वरित केल्यामुळे मिळते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणजे ओळख ही के-आयमध्येच मावते असे नाही. ती विक्रियेच्या संक्रमणावस्थेतही असू शकते. परंतु हा आक्षेप मूळ मुद्द्याला अधिकच बळ देतो. त्वरा विकराने दिली की गटाच्या अंगभूत तापटपणाने, हे ठरविण्यास ग्लुटाथायोनसारख्या साध्या थायोलशी त्याच रेणूचा विक्रियावेग मोजावाच लागतो. ही तुलना ज्या निबंधात नाही, त्यातील निवडकतेचा दावा अर्धवट समजावयास हवा.

४

बंधानंतर काय घडते, हा दुसरा प्रश्न. पेशी विकरे सतत मोडीत काढते आणि नवी घडवीत असते. निकामी झालेले विकर पुन्हा जिवंत होत नाही, पण त्याची जागा नवे विकर घेते. म्हणून बंध कायमचा असला तरी परिणामाची मुदत औषध ठरवीत नाही. ती पेशी ठरविते.

ॲस्पिरिनच्या बाबतीत हे सर्वांत स्वच्छ दिसते. ते रक्तात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत अर्ध्यावर येते. तरीही रोजची अल्प मात्रा रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती दिवसभर कमी ठेवते. याचे रहस्य रक्तबिंबिकांत आहे. बिंबिकेला केंद्रक नसते. नवे विकर घडविण्याची सोय तिच्याजवळ जवळजवळ नाहीच. एकदा निकामी झालेले विकर तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात निकामीच राहते. रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींना केंद्रक असल्यामुळे त्या मात्र तेच विकर काही तासांत पुन्हा तयार करू लागतात. एकच रेणू आणि एकच बंध असताना एका पेशीत परिणाम तिच्या जन्मभराचा आणि शेजारच्या पेशीत तासांचा, असा हा भेद आहे. येथे निवड करणारा घटक रेणूत मुळीच नाही.

एफ्लोर्निथीनचे उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. हा रेणू ऑर्निथीन डिकार्बॉक्सिलेज या विकराला त्याच्याच कृतीने निकामी करतो. विकर त्याला सब्स्ट्रेट समजून त्याच्यावर काम करू लागते आणि त्या कामातून निर्माण झालेल्या विक्रियाशील पदार्थाशी बांधले जाते. अशा रेणूंना आत्मघाती निरोधक म्हणण्याची प्रथा पडली. १९९० साली अमेरिकेत या औषधाला आफ्रिकेतील निद्रारोगाच्या गॅम्बियन्स प्रकारासाठी मान्यता मिळाली. आता हे विकर मनुष्यातही आहे आणि रोग घडविणाऱ्या ट्रिपॅनोसोम या परजीवीतही. आणि रेणू दोन्हीकडे त्याला निकामी करू शकतो. मग रोगी वाचतो आणि परजीवी मरतो, तो कशामुळे? मनुष्याच्या पेशीत हे विकर एका तासापेक्षाही कमी अर्धायुष्याने मोडीत निघते आणि त्याच वेगाने नवे घडते. परजीवीत मात्र ते दीर्घकाळ टिकते व म्हणून सावकाश बदलले जाते. समजा, औषधाच्या एका ठराविक प्रमाणात विकर निकामी होण्याची अर्धमुदत २० मिनिटे आहे. ज्या पेशीत विकराचे स्वतःचे अर्धायुष्य २० मिनिटे असेल तेथे निम्मे विकर नेहमी कार्यरत राहील. जेथे ते २० तास असेल तेथे सुमारे दीड टक्काच उरेल. याच निद्रारोगाच्या ऱ्होडेसियन्स प्रकारातील परजीवीत या विकराची उलाढाल अधिक वेगवान आहे, आणि त्याच्यावर हे औषध फारसे चालत नाही, ही गोष्ट या स्पष्टीकरणाशी जुळते.

या दोन उदाहरणांवरून निघणारा निष्कर्ष रचनाकाराला नम्र करणारा आहे. ज्या विकराची उलाढाल वेगवान आहे त्याच्यासाठी अपरिवर्तनीय रेणू रचण्याने फारसे काही साधत नाही. तेथे औषधाचे रक्तातील प्रमाण परिवर्तनीय निरोधकाइतकेच सतत राखावे लागते, आणि बंधाचा धोका मात्र पदरी येतो. विकराचे अर्धायुष्य रचनेच्या आरंभी माहीत असावयास हवे. पुष्कळदा ते मोजले जाते रेणू तयार झाल्यावर. कित्येकदा मोजलेही जात नाही.

५

'अपरिवर्तनीय' या शब्दाला रसायनाच्या दृष्टीनेही पायऱ्या आहेत, हे ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाच्या संयुगांनी दाखवून दिले. १९३६ साली जर्मनीत श्राडर यांना कीटकनाशके शोधताना सापडलेला टॅबून हा वायुयुद्धातील विषांचा पूर्वज होय. शेतीतील अनेक कीटकनाशके त्याच कुळातील आहेत. ही संयुगे ॲसिटिलकोलिनएस्टरेजच्या सेरीनवर फॉस्फरसयुक्त गट चढवितात. १९५५ साली विल्सन व गिन्सबर्ग यांनी पुढे आणलेले प्रॅलिडॉक्सिम हा बंध तोडून विकर मोकळे करू शकते, म्हणजे बंध अद्याप अपरिवर्तनीय झालेला नसतो. काही काळाने मात्र त्या गटातील एक भाग गळून पडतो, विकर 'वृद्ध' होते, आणि मग प्रॅलिडॉक्सिमचा उपयोग राहत नाही. हे वृद्धत्व डायमिथाइल वर्गाच्या संयुगांत सुमारे पावणेचार तासांच्या अर्धमुदतीने येते, तर डायएथिल वर्गात त्याला तीस तासांहून अधिक लागतात.

महाराष्ट्राच्या ग्रामीण रुग्णालयांना ही विषबाधा अपरिचित नाही, आणि या प्रश्नावरील एक महत्त्वाची चाचणी महाराष्ट्रातच झालेली आहे. बारामती येथे २०० रुग्णांवर केलेल्या आणि २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत प्रॅलिडॉक्सिमची मोठी मात्रा शिरेतून सतत दिल्याने थांबून थांबून दिलेल्या मात्रेपेक्षा अधिक गुण आला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील चाचणीत मात्र प्रॅलिडॉक्सिमचा लाभ दिसून आला नाही. या दोन निष्कर्षांतील भेद एकाच कारणाने उलगडणार नाही. विषाचा वर्ग, घेतलेले प्रमाण आणि रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला वेळ, सर्वांचाच विचार करावा लागतो. परंतु बंध केव्हा कायमचा होतो हा प्रश्न तासांचा आणि मिनिटांचा आहे, आणि त्याच्या उत्तरावर रुग्णाचे प्राण अवलंबून असू शकतात, एवढे त्यातून निश्चित दिसते. व्याख्येतील एका विशेषणाने त्याची बोळवण करणे योग्य नव्हे.

६

आता अलीकडील यशाकडे वळावे. २०१३ साली मान्यता मिळालेले इब्रुटिनिब हे बेकर यांच्या विचाराचे जवळजवळ आदर्श उदाहरण आहे. ब्रुटन टायरोसीन कायनेजच्या गाभ्यात त्याचा सांगाडा बसतो आणि काठावरील सिस्टीन-४८१ शी त्याचा सौम्य ॲक्रिलामाइड गट बंध जुळवितो. मनुष्यातील पाचशेहून अधिक कायनेजांपैकी सुमारे दहांतच त्या जागी सिस्टीन आहे. औषधाचे रक्तातील अर्धायुष्य चार ते सहा तास असूनही दिवसातून एकदा घेतलेली मात्रा पुरते. रक्ताच्या काही कर्करोगांत या औषधाने उपचाराची दिशाच बदलली, हे निर्विवाद आहे.

परंतु त्याचे दोष अधिक शिकवून जातात. काही रुग्णांत हृदयाच्या कर्णिकांची अनियमित थरथर आढळली. तिचा संबंध सीएसके या दुसऱ्या कायनेजच्या निरोधाशी असावा, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सुचविले. या सीएसकेमध्ये त्या जागी सिस्टीन नाही. म्हणजे बंधाची निवड चोख असतानाही सांगाड्याची निवड सैल राहिली, आणि अपाय घडला तो त्या सैलपणातून. दुसरा दोष प्रतिकाराचा. २०१४ साली असे आढळले की, औषधाला न जुमानणाऱ्या कर्कपेशींत सिस्टीन-४८१ च्या जागी सेरीन आलेले असते. गंधकाच्या एका अणूच्या जागी ऑक्सिजनचा एक अणू आला आणि कायमच्या बंधाची सर्व योजना कोसळली. फुप्फुसाच्या कर्करोगावरील ओसिमर्टिनिबला २०१५ साली मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी ईजीएफआरमधील सिस्टीन-७९७ च्या बाबतीत हीच कथा प्रसिद्ध झाली. आपले सारे वजन एका अणूवर टाकणारा रेणू उत्परिवर्तनाला सर्वांत सोपा मार्ग दाखवून देतो. २०२३ साली मान्यता मिळालेले पिर्टोब्रुटिनिब त्याच ब्रुटन कायनेजला कोणत्याही सहसंयुज बंधाविना रोखते आणि सिस्टीन गमावलेल्या विकरावरही चालते, ही गोष्ट या संदर्भात विसरता कामा नये.

सोटोरॅसिबची कथा वेगळी आहे. शोकाट व सहकाऱ्यांनी २०१३ साली के-रासच्या पृष्ठभागावरील, पूर्वी कोणाच्या लक्षात न आलेली एक पोकळी दाखविली आणि २०२१ साली या औषधाला मान्यता मिळाली. येथे सिस्टीन हे स्वतःच रोगाचे उत्परिवर्तन आहे. निरोगी प्रथिनात ते नाहीच. निवडकतेचा याहून मोठा लाभ कल्पिता येणार नाही. तरीही मान्यता मिळाली ती दिवसाला ९६० मिलिग्रॅम एवढ्या मात्रेला. अपरिवर्तनीय निरोधकाचा एक प्रमुख लाभ अल्प मात्रा हा सांगितला जातो; शिवाय १८० ते ९६० मिलिग्रॅम या मर्यादेत मात्रा वाढविली तरी रक्तातील औषधाचे प्रमाण जवळपास तेवढेच राहते. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २४० मिलिग्रॅम मात्रेशी तुलना करण्याची अट घातली, ती यामुळेच समजण्यासारखी आहे. कायमच्या बंधाने मात्रेचा प्रश्न आपोआप सुटत नाही, याचे हे ताजे प्रमाण होय.

आणखी एक गोष्ट. कोविडवरील निर्मात्रेल्विर या रेणूचा नायट्राइल गट विषाणूच्या मुख्य प्रोटिएजमधील सिस्टीन-१४५ शी सहसंयुज बंध जुळवितो, पण तो बंध परिवर्तनीय आहे. सहसंयुज म्हणजे कायमचा आणि असहसंयुज म्हणजे तात्पुरता, ही सोयीची विभागणी त्याने मोडीत काढली आहे. न सुटण्यापेक्षा किती वेळाने सुटावे, हा प्रश्न रचनाकाराने स्वतःला विचारणे अधिक फलदायी ठरेल.

७

या सर्व विवेचनाचा अर्थ अपरिवर्तनीय निरोधकांचा मार्ग सोडून द्यावा असा नाही. बिंबिकेतील विकर, परजीवीतील विकर आणि के-रासचे रोगजन्य सिस्टीन या तीन ठिकाणी त्याने जे साधले ते अन्य मार्गाने साधणे कठीण होते. परंतु या तिन्ही ठिकाणी बंधाला अनुकूल अशी परिस्थिती जीवशास्त्राने आधीच तयार ठेवलेली होती. अशी परिस्थिती कोठे आहे हे ओळखणे, हे रचनाकाराचे पहिले काम होय. इलेक्ट्रॉनस्नेही गटाची निवड त्यानंतर येते.

विद्यापीठीय विभागांतून आज या विषयावर जे प्रबंध लिहिले जातात, त्यांत संगणकावर सिस्टीनजवळ बसविलेला रेणू आणि आयसी-५० चा एक तक्ता एवढ्यावर निष्कर्ष काढण्याचा मोह स्वाभाविक आहे. तो आवरण्यास चार गोष्टी पुरेशा आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या तिहींसाठी लागणारी साधने सामान्य जीवरसायन प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरची नाहीत. दोन्ही स्थिरांक स्वतंत्रपणे मोजावेत. ग्लुटाथायोनशी होणारा विक्रियावेग त्यांच्या शेजारी मांडावा. त्याच सांगाड्याचा, पण बंध जुळवू न शकणारा जोड-रेणू तयार करून त्याचीही चाचणी घ्यावी, म्हणजे सांगाड्याचे काम किती आणि बंधाचे किती हे वेगळे करता येईल. आणि लक्ष्य विकराचे पेशीतील अर्धायुष्य मोजलेले असल्यास ते द्यावे, नसल्यास परिणामाच्या मुदतीविषयी काहीही म्हणू नये. या चार नोंदी असलेल्या प्रबंधातील रेणू कदाचित दुर्बल निघेल, पण त्याच्याविषयी जे लिहिले असेल त्यावर पुढच्या अभ्यासकाला विसंबता येईल.